खाली आलेला आकडा

अक्का,

तुम्ही गेल्यापासून लोक तुमच्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. आपल्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर तुम्ही मृदुभाषी होतात, सदा हसतमुख होतात आणि जन्मात कुणाला दुखावलं नाहीत. ज्या सुपरवायझरचा अख्खा लॉट तुम्ही एका सकाळी परत पाठवला होतात आणि जो पुढं महिनाभर तुम्हाला बघून मान फिरवायचा, त्यानं तर तुम्हाला मातेसमान करून टाकलंय. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी वाचलं आणि फोन उपडा ठेवला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "सुम्ने लिहितात गं, उगाच. बेडा मला ते, नको."

मी तिथं काही लिहिलं नाही. सगळे विचारतात, सुलभा, तू एवढी जवळची, तू का गप्प? तीस वर्षं तपासणी विभागात तुमच्या हाताखाली काढली. निवृत्तीनंतर जे. पी. नगरात घर घेतलं तेही तुमच्याच इमारतीत, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. तेव्हा माझ्याकडून चार ओळी यायला हव्यात, हे बरोबरच आहे. पण मला जे लिहायचंय ते तिथं मावणारं नाही. शिवाय मी दमलेय. सकाळी उठते तीच दमलेली उठते. चहा उकळेपर्यंत स्टुलावर बसते. श्रीधर नवऱ्याच्या अधिकारानं सांगतो, करोनानंतरचा थकवा आहे, जाईल हळूहळू. जाईल, किंवा नाही जाणार.

तुम्ही मला दोनदा सांगितलंत, "आता आपण रिटायर झालो, तू म्हण मला." तोंडातून आलंच नाही. तुमचं घराणं या कानडी गावात इतक्या पिढ्यांचं की तुमच्या मराठीत निम्मं कानडी, आणि मी नाशिकहून लग्न करून आलेली. माझ्या मराठीला तुम्ही 'पेपरातली मराठी' म्हणायचात. तुमच्या मराठीला मी काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही. एका बाबतीत मात्र मी तुमचं उचललं, ताई कधी म्हटलं नाही, अक्काच म्हटलं. आता 'तू'वर यायचं तर समोर माणूस लागतं. राहू दे.

मुद्द्यावर यायच्या आधी मला आपली गेज रूम आठवतेय. मोजायची साधनं ठेवलेली ती थंडगार खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. श्रीधर तिला तुमचं देवघर म्हणायचा. तिथं तुमचे दोन नियम होते. पहिला, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं परत मोजायचं, आणि दुसऱ्याला पहिल्याचा आकडा सांगायचा नाही. "आकडा सांगितलास की त्याचे डोळे तोच शोधत बसतात," म्हणायचात. दुसरा नियम मी चूक करून शिकले. नवीन होते. सकाळी एका मायक्रोमीटरनं पिना मोजल्या, दुपारी तो काही कारणानं काढून घेतला म्हणून दुसरा घेतला, आणि सगळे आकडे एकाच तक्त्यात एकाखाली एक लिहून मोकळी झाले. तुम्ही तक्ता बघितलात, लाल पेन्सिल घेतलीत आणि मधोमध आडवी रेघ ओढलीत. "ही दोन गावं आहेत, सुलभा. ह्या गावचं माप त्या गावाला लावायचं नाही. आधी साधन विचार, मग आकडा." रागावला नाहीत. पण सगळ्या पिना मला पुन्हा मोजायला लावल्यात आणि माझी साडेपाचची बस गेली. त्या बसचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

दुसऱ्या लाटेत आमच्याकडे आधी श्रीधर आडवा झाला, मग मी. तुम्ही दोन आठवडे आमच्या दारात डबा ठेवलात. बेल वाजवायची, चार पायऱ्या वर जाऊन उभं राहायचं आणि मी डबा उचलेपर्यंत तिथून हुकूम सोडायचे. "पाणी पी. पालथी झोप. बातम्या बघू नको." मी म्हणायचे, अक्का, येऊ नका हो, तुम्हाला लागण होईल. त्यावरून आपलं रोज वाजायचं. ते भांडण तसंच राहिलं, कारण आम्ही उठून बसलो त्याच आठवड्यात तुम्हाला ताप आला. "तुमच्याकडून नाही गं, भाजीवाल्याकडून आला असेल," असं तुम्ही मला सांगितलंत. भाजीवाला त्या महिन्यात आपल्या गल्लीत फिरकलाच नव्हता.

मग डबा उलटा फिरला. दोन जिने चढताना मला तीनदा कठड्याला धरून थांबावं लागायचं. वर आले की तुमच्या दारात खुर्चीवर बसायचे, तुम्ही आतल्या पलंगावर. तुमचा ऑक्सिजन उत्तम होता, पण त्या बोटाला लावायच्या यंत्रावर तुमचा विश्वास कुठे होता? पहिल्याच दिवशी मनगटावर बोटं ठेवून, घड्याळ बघून स्वतःची नाडी मोजलीत आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिलीत. मग माझं यंत्र मागवलंत, मग पहिल्या मजल्यावरच्यांचं. तिन्ही जुळली तेव्हा म्हणालात, "सरी. चालेल." मला मास्कच्या आत हसू आवरेना आणि हसता हसता खोकल्यानं जीव घेतला. तुम्ही आतून ओरडलात, "हसू नको, दमशील."

सहा दिवसांत ताप गेला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर फोनवरून बघत होते. त्या दिवसांत ते असे किती जणांना बघत होते कोण जाणे, आवाज कायम बसलेला. ते म्हणाले, ताप गेला म्हणजे संपलं असं समजू नका. विषाणू जातो, पण त्याच्याशी लढायला पेटलेलं शरीर लगेच विझत नाही. आत सूज राहते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह होतो, आणि रक्त नको तिथं गोठायला लागतं. रक्त तपासून घ्या, सूज किती आहे ते सीआरपीवरून कळेल, गुठळ्या होतायत का त्याचा अंदाज डी-डायमरवरून येईल. मी स्पीकर लावून फोन तुमच्या दिशेनं धरला होता. मी म्हटलं, "म्हणजे पाहुणे गेले तरी घरातली भांडणं चालूच." तुमचं समाधान झालं नाही. डी-डायमर म्हणजे नेमकं मोजता काय, असं तुम्ही त्यांना विचारलंत. ते म्हणाले, शरीर गुठळी विरघळवतं तेव्हा तिचे बारीक तुकडे रक्तात उरतात, ते. "हां," तुम्ही म्हणालात, "तेलातला किस." डॉक्टरांना कळलं नाही, मला कळलं. मशीनचं तेल काढून बघायचं, त्यात धातूचा किस दिसला की आत कुठंतरी झिजतंय, हे मशीन न उघडता समजतं. तुम्ही इतक्या खूश झालात की आजारी माणसानं होऊ नये.

पहिला रिपोर्ट आला. सूज होती, आणि डी-डायमर मर्यादेच्या बराच वर. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. वाढला तर घरी थांबायचं नाही, फुफ्फुसाचा स्कॅन लागेल, इंजेक्शनं लागतील, कुठंही बेड शोधू. त्यावर फोन ठेवल्या ठेवल्या तुम्ही मला म्हणालात, "बेड शोधायचा नाही. तरुण पोरं श्वासासाठी रस्त्यावर बसलीत, मी जाऊन जागा अडवू?" मी तुमच्यावर ओरडले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. तो वाद 'बघू चार दिवसांनी' यावर थांबला. थांबला म्हणजे मिटला नाही. सगळी आशा आता त्या एका आकड्यावर होती.

तुम्ही मला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आलेख काढायला लावलात. तारखा आडव्या, आकडे उभे. मी पहिला ठिपका वर दिला आणि पान फ्रिजला लावलं.

चौथ्या दिवशी आधीच्या लॅबचा माणूस आला नाही, तो स्वतःच आजारी पडला होता. मी खुर्चीत बसून फोन लावत सुटले. कुठं उचलत नव्हते, कुठं दोन दिवसांनंतरचं सांगत होते. शेवटी एका दुसऱ्या लॅबनं माणूस पाठवला. संध्याकाळी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. आकडा खाली आला होता. मर्यादेच्या वर होता, पण आधीच्यापेक्षा पुष्कळ खाली.

आता मी जे केलं ते क्रमानं सांगते, तुम्हाला क्रम लागतो. मी आकड्याच्या पुढं काही वाचलं नाही. डॉक्टरांना रिपोर्ट न पाठवता नुसतं टाइप केलं, डी-डायमर उतरला, इतका झाला. त्यांचं उत्तर लगेच आलं, छान, मग इंजेक्शनची गरज नाही, आहेत त्या गोळ्या संपवा. फोनची बॅटरी संपत आली होती, तो चार्जिंगला लावला आणि मी वर आले. आलेखावर दुसरा ठिपका दिला, रेघ जोडली आणि पान काढून दारातून तुम्हाला ती उतरती रेघ दाखवली. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चष्म्याशिवाय. "सरी," म्हणालात, "म्हणजे आयतु, झालं." आणि मग सवयीनं, "रिपोर्ट कुठाय? बघू."

मी म्हटलं, "फोन खाली आहे अक्का. आणि अक्षर तरी किती बारीक. मी बघितलाय ना."

तुम्ही म्हणालात, "हां. तू बघितलायस ना." आणि डोळे मिटलेत.

दोन जिने उतरायचे आणि परत चढायचे. एवढंच कारण, अक्का. मी बावीस दिवस दुसरं काहीतरी कारण शोधतेय, जरा बरं दिसणारं. नाही सापडत. माझ्या पायांत बळ नव्हतं आणि मला वाटलं, चांगली बातमी तर आहे, तिला कशाला दुसरी नजर. वाईट आकडा असता तर मी शंभर वेळा बघितला असता, रांगत जाऊन फोन आणला असता. चांगला होता म्हणून पास केला.

पुढचे चार दिवस बरे गेले, हे सांगायला हवं. तुम्हाला चव आली. माझ्या आमटीला नावं ठेवलीत. "आमटी आहे की काढा?" विचारलंत, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उत्तरही दिलं नाही. बेडची गोष्ट पुन्हा निघाली नाही. एका दुपारी तुम्ही मला गेज रूमच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितलीत, तुमच्या पहिल्या दिवसाची. खोलीतल्या साहेबांनी तुम्हाला बघून टायपिस्टची जागा बाहेर आहे म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही, "बाहेरच्या टायपिस्टला मी जागा सांगते, मला माझी दाखवा," म्हणाला होतात. इतकी वर्षं ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी विचारलं, आधी का नाही सांगितलीत? म्हणालात, "कामात वेळ कुठं होता?"

चौथ्या दिवशी म्हणालात, "पोटरी धरलीय गं." मी म्हटलं, पडून पडून धरली असेल, जरा तेल चोळा. तेलाची वाटी मीच आणून दिली. गोळ्या आदल्या दिवशी संपल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही फोन केलात आणि बोलला नाहीत, नुसता श्वास ऐकू आला. मी वर पोचले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याखाली भिंतीला टेकून बसला होतात. एक हात माझ्याकडे केलात. तो हात मी मग सोडला नाही, अँब्युलन्समध्ये बसू देईनात तेव्हा भांडले. बेड पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरात मिळाला. एरवी तिकडे जायचं म्हटलं की तुम्ही थट्टेनं दशम्या बांधून घे म्हणायचात. त्या दिवशी लॉकडाउन होता, गाडी एकाही सिग्नलला थांबली नाही, आणि तरी उशीर झाला. तरुण डॉक्टरीण बाहेर आली, आधी कानडीत बोलली, मग माझं तोंड बघून हिंदीत. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली. ती बोलत होती आणि मी तिच्या मास्कच्या वरच्या डोळ्यांकडे बघत होते. तिलाही झोप मिळालेली नव्हती.

मुक्ता, तुमच्या भावाची मुलगी, तुमचं उरलेलं एकुलतं रक्ताचं माणूस, तिकडे हेब्बाळला स्वतः पॉझिटिव्ह होऊन एका खोलीत अडकली होती. आजारपणात रोज मला फोन करायची. "मावशी, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते." तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी तिनं सगळे कागद एका ठिकाणी करून ठेवायला सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्यांच्या प्रिंटरवर मी दोन्ही रिपोर्ट छापून घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर आकड्याच्या पुढं बारीक अक्षरात एफईयू लिहिलं होतं. दुसऱ्यावर डीडीयू. निरोगी माणसाची मर्यादा बाजूला छापलेली असते, तीही दोन्हीकडे वेगळी होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ही मोजायची दोन वेगळी एककं आहेत. एफईयूतला आकडा डीडीयूत साधारण निम्मा दिसतो. मी विचारलं, म्हणजे उतरला नव्हता? ते म्हणाले, नव्हता. वाढला होता. मग तेच म्हणाले, "अख्खा रिपोर्ट मी मागायला हवा होता. आणि खरं सांगू का, नुसत्या त्या एका आकड्यावरून कुणाचं काय होईल हे छातीठोक सांगता येत नाही. इंजेक्शनं चालू असतानाही पेशंट गेलेत माझे." त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि खरंही असेल. मला बरं वाटलं नाही. तुम्हाला बेड मिळाला असता का, मिळाला असता तर तुम्ही गेला असतात का, गेला असतात तर वाचला असतात का, हे तीन प्रश्न मी रोज तीन दिशांनी मोजते. पण त्यातल्या पहिल्या प्रश्नापर्यंतसुद्धा मी तुम्हाला पोचू दिलं नाही.

श्रीधरला सांगितलं. तो म्हणाला, "मुक्ताला यातलं काही बोलू नकोस. सांगून अक्का परत येणार आहेत? पोरीचं दुःख दुप्पट करशील." तो वाईट माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. मीही ठरवलं, गप्प बसायचं. पण मुक्ताचा फोन यायचा आणि दर फोनला ती म्हणायची, मावशी, तुमच्यामुळं आत्या एकटी पडली नाही. मला ते गिळता येईना आणि थुंकताही येईना. पूर्वी कधी तुम्ही माझं कौतुक केलं तर मी आठवडाभर हवेत असायचे. आता कौतुक ऐकलं की फोन ठेवायला निमित्त शोधायचे.

तुमचे दिवस थोडक्यात झाले, गुरुजी फोनवरून सांगत होते आणि मुक्ता करत होती. त्यानंतर ती खाली आमच्याकडे आली. वाळली होती. तुमच्या घराची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "घर मी इतक्यात विकणार नाही. किल्ली तुमच्याकडेच असू दे. तुम्ही जेवढं केलंत तेवढं सख्ख्यांनी केलं नसतं."

मी म्हटलं, "मुक्ता, बस. मला काही सांगायचंय." श्रीधर उठून आत गेला.

दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं. तिला एककं एका वाक्यात कळली, शेवटी इंजिनीअरची भाची आणि स्वतः इंजिनीअर. तिनं एकच प्रश्न विचारला. "आत्याला का नाही दाखवलात? तिनं सेकंदात पकडलं असतं."

"फोन खाली होता. जिना चढवत नव्हता."

तिनं दोन्ही रिपोर्ट माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "मी रोज तुम्हाला विचारायचे, मावशी. तुम्ही ठीक आहात ना, कुणाला पाठवू का मदतीला. तुम्ही रोज म्हणायचात, मी ठणठणीत आहे."

म्हणायचे खरी. तुमच्याकडूनच शिकले होते, दुखतंय म्हणायचं नाही, जमत नाही म्हणायचं नाही. तपासणी विभागात दोन बायका, आपण दमलोय असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी टायपिस्टच्या जागेवर बसवलं असतं. ती सवय घरी घेऊन आलो आपण दोघी.

"सरी," मुक्ता म्हणाली. तुमच्यासारखीच म्हणाली. किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि गेली. दार हळूच लावून गेली, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आठ दिवस फोन नाही. श्रीधर 'सांगितलं होतं मी' म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते छापलेलं होतं. त्या आठ दिवसांत मला तुमचा रागही आला, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आयुष्यभर एक पिन दुसऱ्या नजरेशिवाय सोडली नाहीत. माझी बस घालवलीत. आणि नेमकं त्या संध्याकाळी 'तू बघितलायस ना' म्हणून डोळे मिटलेत. का हो? दमला होतात म्हणून? की इतक्या वर्षांनी माझ्यावर खरंच सोडून दिलंत? दमला असाल तर मला तुमची दया येते. विश्वास टाकला असेल तर मला कुठं तोंड लपवावं कळत नाही. हे विचारायचं राहून गेलं, आणि हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

आज दुपारी मुक्ताचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "माझ्या ऑफिसातल्या एकीचे वडील घरी आहेत. ताप गेलाय. दोन रिपोर्ट आहेत, दोन लॅबचे. ती म्हणतेय आकडा उतरला. तुम्ही बघाल का?"

मी म्हटलं, "मला नको दाखवू, मुक्ता. डॉक्टरांना दाखव."

"त्यांना अख्खे पाठवलेत. ते बघतीलच. तुम्हीपण बघा. कुठं बघायचं ते तुम्हाला माहीत आहे."

हे तिनं प्रेमानं म्हटलं की टोचून, मला कळलं नाही. दोन्ही असेल. फोटो आले. चष्मा लावून मी खिडकीशी बसले. आधी एककं बघितली, मग मर्यादा, मग आकडे. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा श्रीधरला बोलावलं आणि माझा आकडा न सांगता त्याला वाचायला लावलं. दोन्हीकडे तेच एकक होतं. त्या अनोळखी गृहस्थांचा आकडा खरोखरच खाली आला होता.

मी मुक्ताला फोन करून तसं सांगितलं. "तरी डॉक्टर काय म्हणतात ते ऐका," म्हटलं. ती "हं" म्हणाली. फोन ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. माफ करायचा हक्क तिचा एकटीचा नाही, आणि ज्यांचा आहे त्यांना मी इथं पानं भरून लिहितेय. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

उत्तर जिभेवर तयार होतं, अक्का. तीस-पस्तीस वर्षांचं घासूनपुसून तयार असलेलं.

मी म्हटलं, "नाही गं. जिना चढवत नाही मला अजून. परवा अक्कांच्या दाराबाहेरच्या झाडांना पाणी घालायला निघाले आणि पहिल्या मजल्यावर बसून राहिले. आणि त्या नाहीत तिथं, तरी मी दमून बसल्यावर वरून त्यांचा आवाज येईल म्हणून थांबले."

ती पलीकडे रडत होती. मग नाक ओढून म्हणाली, "बसून राहा. मी येते. झाडांना मी घालते."